बेल्जममधील बिअरचें कालवण

बिअर ही प्यावयाची वस्तु. ती पातेल्यांत ओततात हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. परंतु ज्या मुलखांत द्राक्षांपेक्षां सातूचें पीक अधिक, तेथें द्राक्षासवाचें काम स्वयंपाकघरांत बिअरनें करावें, हें स्वाभाविकच होय. बेल्जममधील फ्लँडर्स भागांतलें ‘स्तोफफ्लेस’ हें कालवण याचें उत्तम उदाहरण आहे. बेल्जमच्या बिअर-परंपरेस युनेस्कोनें २०१६ सालीं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. त्या नोंदींतही बिअरच्या स्वयंपाकांतील उपयोगाचा उल्लेख आहे.

या कालवणाची कृति साधी आहे. गोमांसाचे तुकडे लोण्यांत तांबूस परतावयाचे, भरपूर कांदा मंद आंचेवर गोडसर होऊं द्यावयाचा, मग तपकिरी बिअर ओतून भांडें झाकावयाचें. वर मोहरीचें वाटण लावलेला पावाचा तुकडा ठेवतात. तो विरघळून रस दाट करतो. दोन-अडीच तासांत मांसांतील चिवट तंतूंचें मऊ सरसांत रूपांतर होतें. भाजलेल्या सातूची खमंग चव आणि परतलेल्या मांसाची चव एकाच जातीची असल्यामुळें दोहोंचा मेळ चांगला बसतो.

येथें एक सावधगिरी हवी. बिअरचा कडवटपणा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांपासून येतो. रस आटतांना पाणी उडून जातें, कडू द्रव्यें मात्र मागें राहतात. म्हणून फार कडू बिअर या कामीं निरुपयोगी. कमी कडू व किंचित् गोड अशीच निवडावी लागते.

जेवतांना या कालवणाबरोबर तळलेले बटाटे आणि बहुधा तीच बिअर असते. स्निग्ध घांसानंतर तिचा कडवटपणा, सौम्य आंबटपणा आणि बुडबुड्यांची चुणचुण यांमुळें जिभेवरचा तुपकटपणा मोडल्यासारखा वाटतो व पुढचा घांस पुन्हा रुचकर लागतो. शिमे येथील ट्रॅपिस्ट मठांत १८६२ पासून बिअर आणि १८७६ पासून चीज होत आलें आहे. तीं दोन्ही एकत्र खाण्याची चाल याच तत्त्वावर चालते. कोंकणांत माशांच्या जेवणावर सोलकढी किंवा देशावर पुरणपोळीनंतर ताक घेतात, त्यामागेंही हीच युक्ति आहे.

आतां महत्त्वाचा मुद्दा. शिजवल्यावर मद्यार्क सगळा उडून जातो, अशी सर्वत्र समजूत आहे. ती खरी नाहीं. मद्यार्क ७८ अंश सेंटिग्रेडला उकळतो खरा. पण पाण्यांत मिसळला असतां तो हळूहळूच निघतो. अमेरिकेंत १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून तयार केलेल्या सरकारी कोष्टकाप्रमाणें, पंधरा मिनिटें शिजवल्यावर सुमारें ४० टक्के, एका तासानंतर २५ टक्के आणि अडीच तासांनंतरही ५ टक्के मद्यार्क अन्नांत उरतो. भांड्याचें तोंड किती रुंद, झांकण आहे कीं नाहीं, यांवरही हें प्रमाण बदलतें.

तेव्हां पाहुण्यांपैकीं कोणी धर्मानें, व्रतानें, औषधोपचारामुळें किंवा व्यसनमुक्तीच्या निश्चयानें मद्य वर्ज्य केलें असेल, तर पदार्थांत काय घातलें आहे हें वाढण्यापूर्वींच सांगितलें पाहिजे. मुलांसाठीं व अशा पाहुण्यांसाठीं बिअरऐवजीं मांसाचा किंवा भाज्यांचा रस वापरून वेगळें भांडें चढवावें. चव थोडी निराळी होईल, पण पाहुण्याचा विश्वास अभंग राहील. आणि यजमानाच्या दृष्टीनें चवीपेक्षां त्याचेंच मोल अधिक आहे.