ट्रकच्या रेडिएटरमधील पाणी जाते कुठे?

मालवाहतुकीच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी स्वतःचा ट्रक चालवतो, कोणी गॅरेज चालवतो, तर कोणाचा फळांचा किंवा कांद्याचा माल ट्रकवर अवलंबून असतो. रोज सकाळी क्लीनर रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी ओततो आणि गाडी रस्त्याला लागते. विचारले तर उत्तर मिळते, ''जुनी गाडी आहे, पाणी पितेच.'' हा समज महागात पडतो. गाडी डिझेल पिते, पाणी पीत नाही. रोज पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी जात आहे, आणि ती जागा शोधणे हेच खरे काम आहे.

पातळी वर-खाली होणे केव्हा योग्य?

इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. पंप तेच पाणी इंजिनात आणि रेडिएटरमध्ये फिरवत राहतो. पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले की सुमारे साडेतीन टक्के फुगते. म्हणजे ३० लिटरच्या यंत्रणेत लिटरभर वाढ होते. हे वाढलेले पाणी बाजूच्या टाकीत येते आणि इंजिन थंड झाल्यावर परत जाते. म्हणून गरम गाडीत पातळी वर आणि थंड गाडीत खाली दिसणे हा दोष नव्हे.

पातळी नेहमी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना पाहावी. ती टाकीवरील किमान व कमाल या दोन खुणांच्या मध्ये असावी. काठोकाठ भरल्यास फुगलेले पाणी बाहेर पडणारच. पाणी नुकतेच बदलले असेल तर आत अडकलेली हवा निघून जाताना पहिले एक-दोन दिवस पातळी थोडी उतरते. त्यानंतरही उतरत राहिली तर मात्र तपास करावा.

पाणी जाण्याच्या वाटा

पहिली वाट बाहेरची. होज पाइप, त्यांच्या क्लिपा, रेडिएटरचे जोड आणि वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, हे सर्व तपासावे. पंपाच्या खालच्या छिद्रातून थेंब येत असतील तर आतले सील गेले असे समजावे. गरम भागावर पडलेले पाणी लगेच वाळते, पण पांढरा किंवा रंगीत डाग मागे राहतो. तोच पुरावा असतो.

दुसरी वाट झाकणाची. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. १ बारच्या झाकणाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर सैल झाले की कसारा घाटासारख्या चढावर भरलेल्या गाडीचे पाणी उकळून बाहेर जाते. ज्या गाड्यांना साधी ओव्हरफ्लो बाटली असते, त्यांत बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा दिसला तर पाणी परत ओढले जात नाही. अशा वेळी झाकण आणि बारीक नळी आधी पाहावी.

तिसरी वाट आतली, आणि तीच सर्वांत धोक्याची. हेड गॅस्केट, लायनर किंवा तडकलेले हेड यांतून पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जाते. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येणे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसणे ही त्याची लक्षणे होत. ज्या गाड्यांना ईजीआर कूलर आहे, त्यांत तो गळला तरी बाहेर थेंबही न दिसता पाणी कमी होते.

पातळी वाढली तर

कारण नसताना थंड गाडीत पातळी वाढली तर आनंद मानू नये. सिलिंडरमधील वायू किंवा ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरची हवा पाण्यात शिरून ते बाहेर ढकलत असेल. टाकीत बुडबुडे दिसतात. पाण्यावर ऑइल तरंगत असेल तर ऑइल कूलर तपासून घ्यावा.

साधे पाणी की कूलंट?

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कूलंट गंज रोखते आणि मोठ्या डिझेल इंजिनाच्या लायनरला बाहेरून पडणारे खड्डेही रोखते. रोज साधे पाणी ओतत गेल्याने ते पातळ होऊन निकामी होते. दोन जातींचे कूलंट रंग सारखा म्हणून मिसळू नये, कारण रंगावरून जात ओळखता येत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलेच वापरावे. बहुतेक कूलंट विषारी व चवीला गोड असते. ते मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

रस्त्यात गाडी तापली तर

गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. गरम असताना झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच पाण्याची वाफ होऊन तोंडावर व हातावर उसळते. या घाईने कित्येक ड्रायव्हर-क्लीनर होरपळले आहेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेड तडकू शकते. केवळ काट्यावरही विसंबू नये. पाणी फार खाली गेले की सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा थंड दाखवू शकतो.

एका वहीचा उपयोग

गाडीत एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर आणि किती पाणी घातले, एवढेच लिहावे. आठवड्यातून पाव लिटर आणि रोज एक लिटर यांतला फरक वही लगेच दाखवते. मालकाने ती पाहावी, आणि पाणी कमी झाल्याचे सांगणाऱ्या ड्रायव्हरवर रागावू नये. रागाच्या भीतीने लपवलेली गळती शेवटी इंजिन उघडायला लावते. त्यात दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय गाडी उभी राहते, माल नासतो आणि हप्ता थकतो. वेळेवर बदललेली एक क्लिप किंवा एक झाकण हे सारे वाचवू शकते.