तलवार होती, म्हणून पुरुष

स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारेन नावाचं भलंमोठं सरोवर आहे. त्यातल्या ब्यर्को बेटावर हजारेक वर्षांपूर्वी बिर्का हे व्हायकिंगांचं गजबजलेलं व्यापारी गाव होतं. १८७१ साली याल्मार स्टोल्पे नावाचा तरुण स्वीडिश अभ्यासक तिथे पोचला तो चक्क किडे शोधायला! अंबर, म्हणजे पुरातन झाडांची दगड झालेली राळ. तिच्यात अडकलेले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कीटक त्याला हवे होते. हाती लागलं ते मात्र एक अख्खं गाडलं गेलेलं गाव. मग किडे राहिले बाजूला, आणि स्टोल्पे पुढची वीसेक वर्षं थडगी खणत राहिला. सुमारे ११०० थडगी झाली.

त्यातलं ५८१ क्रमांकाचं त्याने १८७८ मध्ये उघडलं. लष्करी ठाण्याला लागून, सरोवराकडे तोंड असलेल्या उंचवट्यावर लाकडी खोलीसारखं बांधलेलं हे थडगं. आत एकच माणूस. सोबत तलवार, कुऱ्हाड, लढाईचा सुरा, दोन भाले, दोन ढाली आणि चिलखत भेदून जातील असे २५ बाण. एक घोडी आणि एक घोडा. मांडीपाशी पटावरच्या खेळाच्या सोंगट्यांचा पूर्ण संच. स्टोल्पे हा कमालीचा शिस्तीचा माणूस. कुठली वस्तू कुठे पडली होती याचं चित्र त्याने आखीव कागदावर काढून ठेवलं आणि हाडांवर शाईने थडग्याचा क्रमांक घातला. ही शाई पुढे फार कामाला आली.

एवढी शस्त्रं म्हटल्यावर मृत व्यक्ती पुरुष, आणि सोंगट्यांमुळे डावपेच आखणारा सेनानी, हे ठरूनच गेलं. पुस्तकांत तो व्हायकिंग योद्ध्याचा नमुना म्हणून मिरवू लागला.

इथे जरा थांबायला हवं. जुन्या थडग्यांत हाडं अनेकदा कुजून गेलेली असतात, त्यामुळे मृताचं लिंग सोबतच्या वस्तूंवरून ठरवायची पद्धत पडली. तलवार असली की पुरुष, लंबगोल पिनांची जोडी असली की स्त्री. अशी शेकडो थडगी मोजून झाली की निष्कर्ष निघतो: तलवारी फक्त पुरुषांच्याच थडग्यांत सापडतात. आणि मग याच निष्कर्षाच्या आधारे पुढचं तलवारवालं थडगं पुन्हा पुरुषाचं! हे वर्तुळ इतकं गुळगुळीत आहे, की आत फिरणाऱ्याला आपण फिरतोय हे कळतच नाही.

१९७०च्या दशकात हाडांच्या एका तपासणीत ही व्यक्ती स्त्री असावी असं निघालं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नंतर हाडांच्या अभ्यासक अ‍ॅना शेलस्ट्रॉम यांनी हाडं पुन्हा पाहिली. कटीच्या हाडातली खाच बाळंतपणाला सोयीची अशी रुंद, हनुवटी पुढे न आलेली. वय तिशीच्या पुढे. आता शंका निघाली की हाडांची अदलाबदल झाली असेल. पण शाईतला क्रमांक तर हाडावरच होता.

शेवटी पुरातत्त्वज्ञ शार्लोट हेडेन्स्टिएर्ना-यॉनसन आणि सहकाऱ्यांनी एका दातातून आणि दंडाच्या हाडातून डीएनए काढला. हजार वर्षांत डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, पण तुकडे वाचून त्यातले किती एक्स गुणसूत्राचे आणि किती वायचे, हे मोजता येतं. इथे दोन एक्सची खूण मिळाली, वायची नाही. २०१७ मध्ये निबंध छापून आला: ५८१ मध्ये एक बाई होती.

त्याहून मला नवल वाटतं ते दातांचं. खडकातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू माती, पाणी, धान्य असा प्रवास करत लहान मुलाच्या दातांच्या लुकणात, म्हणजे इनॅमलमध्ये, जाऊन बसतो, आणि हे लुकण पुन्हा बदलत नाही. प्रदेशागणिक खडक वेगळे, म्हणून स्ट्रॉन्शियमच्या प्रकारांचं प्रमाणही वेगळं. दाढा वेगवेगळ्या वयांत तयार होतात, त्यामुळे तीन दाढा म्हणजे बालपणाचे तीन मुक्काम. ही बाई बिर्कात वाढलेली नसावी, लहानपणीच तिने मुलूख बदलला असावा, असं तिच्या दाढा सांगतात. मोगलांशी सात वर्षं झुंजणाऱ्या ताराबाईंविषयी निदान पत्रं आहेत, शत्रूच्या इतिहासकारांनी लिहिलेलं आहे. हिचं तर नावही नाही, दात तेवढे आहेत.

आक्षेप अर्थातच आले. शस्त्रं हिचीच कशावरून? हाडांवर एकही जखम का नाही? पहिला प्रश्न रास्त आहे. मृताला काय द्यायचं हे मागे राहिलेली माणसं ठरवतात. नुसत्या सोंगट्यांवरून सेनापतिपद देणंही मला घाईचं वाटतं. पण ही व्यक्ती पुरुष मानली जात होती तोवर जवळजवळ १४० वर्षं हे प्रश्न कुणाला पडले नव्हते. आणि बिनजखमांचे सांगाडे तर योद्धे म्हणून नोंदलेल्या पुरुषांचेही आहेत.

हे वर्तुळ केवळ युरोपातलं नाही. सायबेरियातल्या तुवा प्रदेशात १९८८ साली सुमारे २६०० वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं. झाडाच्या बुंध्यातून कोरलेली पेटी, आत चौदाहून कमी वयाचं मूल, सोबत कुऱ्हाड, धनुष्य आणि भात्यात दहा बाण. मणी नाहीत, आरसा नाही, म्हणून तो मुलगा ठरला. तीसेक वर्षांनी डीएनए तपासला, तेव्हा ती मुलगी निघाली.