विवाहाआधी अपत्य, जोडीदार सैन्यदलात : कायदा बाळाला काय देतो आणि आईला काय नाही

नवी दिल्ली : लग्न ठरलेले असते; मात्र जवानाला रजा मिळत नाही किंवा सेवेची अट आड येते आणि त्याच काळात वाग्दत्त वधू गरोदर असल्याचे कळते. अशा वेळी घरात बहुधा इभ्रतीची चर्चा होते. बाळाचे पुढचे आयुष्य मात्र जन्मदाखला, सेवेतील नोंद आणि पित्याने नाते लेखी मान्य केले आहे की नाही, यांवर अवलंबून राहते. भारतीय कायद्यानुसार पित्याकडून निर्वाह मिळण्याचा अपत्याचा हक्क आई-वडिलांच्या विवाहावर अवलंबून नाही. सैन्यदलांच्या कौटुंबिक सुविधा मिळण्यासाठी मात्र आईचे नाव पत्नी म्हणून नोंदलेले असावे लागते. हा फरक वेळीच न कळल्यास त्याची किंमत आई आणि बाळ दोघांनाही मोजावी लागते.

अग्निवीरांची अडचण

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर या प्रश्नाला नवे परिमाण लाभले. हवाई दल आणि नौदलाच्या अग्निवीर भरतीसाठी केवळ अविवाहित उमेदवार पात्र असतात आणि चार वर्षांच्या सेवाकाळात त्यांना विवाह करता येत नाही. हवाई दलात विवाह केल्यास सेवामुक्तीची तरतूद आहे; महिला उमेदवारांना या काळात गर्भधारणा होऊ न देण्याचेही हमीपत्र द्यावे लागते. त्यामुळे नियमित सेवेतील जवानापुढे असणारा ‘लगेच नोंदणी विवाह’ हा मार्ग अग्निवीरासाठी नोकरी गमावण्याचा मार्ग ठरू शकतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही केवळ अविवाहितांना प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत छात्रांना विवाह करता येत नाही.

सेवेच्या नोंदीत स्थान कोणाला?

लष्करात जवानाचा विवाह आणि अपत्यजन्म ‘पार्ट टू ऑर्डर’ या अधिकृत आदेशाद्वारे सेवेच्या नोंदीत येतो. पत्नीचे ओळखपत्र, वैद्यकीय सुविधा, कौटुंबिक निवासस्थान, कुटुंब निवृत्तिवेतन हे सारे या नोंदीवर आधारलेले असते. वाग्दत्त वधू किंवा सहजीवनातील जोडीदार यांना या नोंदीत पत्नीचे स्थान नाही. जवानाला वीरमरण आल्यास तिला पत्नी म्हणून दावा करता येत नाही आणि बाळाचे नाव नोंदलेले नसेल तर आधी पितृत्व सिद्ध करण्याची वेळ येते. तेव्हा साक्ष द्यायला पिता हयात नसतो.

निर्वाहाचा हक्क

फौजदारी प्रक्रिया संहितेतील जुन्या कलम १२५ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ने घेतली. औरस असो वा अनौरस, अल्पवयीन अपत्याला पित्याकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क हे कलम देते.

सैनिकाच्या बाबतीत येथे एक पेच आहे. लष्कर कायदा, १९५० च्या कलम २८नुसार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या आदेशाने सैनिकाचे वेतन जप्त करता येत नाही. मात्र याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ मध्ये पर्याय आहे : पत्नी, तसेच औरस किंवा अनौरस अपत्य यांच्या निर्वाहासाठी केंद्र सरकार किंवा विहित अधिकारी वेतनातून कपातीचा आदेश देऊ शकतात. नौदल कायदा, १९५७ मध्येही अनौरस अपत्याच्या निर्वाहाची जबाबदारी स्पष्टपणे नमूद आहे. त्यामुळे पित्याने पाठ फिरवली तरी आईला बाळाच्या वतीने न्यायालयाबरोबरच त्याच्या कमान अधिकाऱ्यामार्फत लष्करी प्रशासनाकडेही दाद मागता येते. अर्जासोबत पितृत्वाचा पुरावा मात्र हवाच.

विवाह प्रसूतीच्या आधी की नंतर?

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६नुसार वैध विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या दांपत्याचे औरस अपत्य मानले जाते. गर्भधारणा विवाहाआधीची असली तरी जन्म विवाहानंतरचा असेल, तर हे गृहीतक लागू होते. म्हणूनच प्रसूतीपूर्वी झालेला विवाह आणि प्रसूतीनंतरचा विवाह यांत कायदेशीर अंतर मोठे आहे. बाळाच्या जन्मानंतर आई-वडिलांनी विवाह केल्यास ते आपोआप औरस ठरेल, अशी सर्वसाधारण तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज परंपरेच्या नागरी कायद्याची मांडणी वेगळी आहे. तेथे पालकांच्या नंतरच्या विवाहाने अपत्याला औरसत्व मिळण्याची संकल्पना आहे. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेत सहजीवनातून जन्मलेल्या अपत्याला औरस दर्जा देण्यात आला आहे.

विशेष विवाह कायद्याखाली विवाह करायचा असल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. मोजक्या रजेवर येणाऱ्या जवानाने ही नोटीस रजेच्या वेळापत्रकाशी जुळवून दिली नाही, तर विवाहाचा दिवस प्रसूतीच्या पलीकडे जाऊ शकतो.

वारसा आणि मृत्युपत्र

हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अनौरस अपत्याचे वारसानाते आईशी मानले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा प्रकरणात दिलेला दिलासा रद्दबातल किंवा रद्द होण्याजोग्या विवाहातून जन्मलेल्या अपत्यांपुरता आहे. विवाहच झाला नसेल, तर पित्याच्या मालमत्तेत बाळाचा वाटा गृहीत धरता येत नाही. दीर्घ सहजीवनावरून विवाह झाल्याचे गृहीतक न्यायालये मानतात. परंतु छावणीत राहणारा जवान आणि माहेरी राहणारी त्याची जोडीदार यांना दीर्घ सहजीवन दाखवणेच अवघड असते. स्वकष्टार्जित मालमत्तेपुरता सोपा उपाय म्हणजे दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र.

जन्मदाखला

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा मूलभूत पुरावा ठरला आहे. पित्याचे नाव नाही म्हणून आईला दाखला नाकारता येत नाही. अविवाहित मातेने शपथपत्र दिल्यास दाखला द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिला. त्याच निकालात पित्याला नोटीस न देताही तिला पालकत्व मागण्याची मुभा मिळाली. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसारही अनौरस अपत्याची पहिली नैसर्गिक पालक आईच असते.

पिता नाते मान्य करत असेल, तर त्याची लेखी कबुली जन्मनोंदणीच्या वेळीच घेणे हिताचे. सीमेवरील नेमणूक, मोहीम किंवा अपघात यांमुळे ‘पुढच्या रजेत पाहू’ ही भाषा सैनिकाच्या घरात विशेष धोक्याची ठरते.

लग्नाचा हेतूच नसताना वचन देऊन संबंध ठेवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९नुसार दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्रामाणिकपणे दिलेले, पण पाळता न आलेले वचन या कलमात बसत नाही.

आधी काय करावे?

जोडपे विवाहास मोकळे असेल, तर प्रसूतीपूर्वी नोंदणी विवाह करून ती नोंद युनिटकडे देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. समारंभ पुढच्या रजेत करता येतो. सेवेची अट आड येत असेल, तर पितृत्वाची लेखी कबुली, आईच्या नावे नियमित पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि मृत्युपत्र ही तीन कागदपत्रे बाळासाठी ढाल ठरतात. निर्वाहाचा हक्क कायद्याने बाळाला आधीच दिलेला आहे. तो बजावण्यासाठी लागणारा पुरावा जपणे ही आई-वडिलांची जबाबदारी आहे.