डब्यात डबा, पण मोकळा करायचा कोणी? पीएचपीच्या पडद्यामागचा हिशेब

मोबाइलने काढलेल्या फोटोत चित्राबरोबर बरीच माहिती दडलेली असते. कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागासुद्धा. ही माहिती वाचण्यासाठी पीएचपी भाषेत 'एक्झिफ_रीड_डेटा' हे फंक्शन आहे. पण ते स्वतः सी भाषेत लिहिलेलं आहे. सीमध्ये लिहून पीएचपीला जोडलेल्या अशा भागाला एक्स्टेन्शन म्हणतात.

या फंक्शनकडे विभागवार माहिती मागितली, की ते ॲरेमध्ये ॲरे घालून देतं. ॲरे म्हणजे माहितीचा डबा समजा. मोठ्या डब्यात 'जीपीएस'चा डबा, त्यात अक्षांशाचा डबा आणि त्यात अंश, मिनिटं, सेकंद असे तीन आकडे. फोटो पुण्यातला असेल तर पहिले दोन साधारण '१८/१' आणि '३१/१' असे दिसतील.

पीएचपीत असा डब्यात डबा एका ओळीत बनतो आणि नंतरची साफसफाई भाषाच करते. सीमध्ये मात्र मागून घेतलेली मेमरी आपणच परत करायची असते. खरी गोम इथेच आहे.

काम तसं सोपं दिसतं. 'ॲरे_इनिट'ने बाहेरचा डबा बनवायचा, पुन्हा त्यानेच आतला, तो भरायचा आणि 'ॲड_असॉक_झेडव्हॅल'ने नाव देऊन बाहेरच्यात ठेवायचा. प्रत्येक ॲरेवर एक आकडा असतो: याला सध्या किती जणांनी धरून ठेवलंय? नवा ॲरे बनला की आकडा १. तो शून्यावर आला की मेमरी मोकळी होते. आतला डबा बाहेरच्यात ठेवताना हा आकडा वाढत नाही. मालकी फक्त तुमच्याकडून बाहेरच्या डब्याकडे जाते.

म्हणून 'मी बनवला, मीच मोकळा करतो' हा चांगल्या घरचा संस्कार इथे घात करतो. तुम्ही आतला डबा मोकळा केलात, तरी बाहेरचा डबा अजून त्याच जागेकडे बोट दाखवत असतो. मग प्रोग्राम कोसळतो आणि तोही बऱ्याचदा भलत्याच ओळीवर. एकच डबा दोन ठिकाणी ठेवला आणि आकडा हाताने वाढवायचा राहिला, तरी हेच होतं.

उलट चूक म्हणजे डबा बनवला, मध्येच काही बिघडलं आणि तो कुठेही न ठेवता, मोकळा न करता फंक्शनमधून बाहेर पडलो. ही गळती वेबसाइटवर सहसा कळतच नाही, कारण प्रत्येक रिक्वेस्ट संपली की पीएचपी तिची मेमरी झाडून साफ करतं. पण तेच एक्स्टेन्शन लाखभर फोटो चाळणाऱ्या एकाच स्क्रिप्टमध्ये चालवा. मेमरी फुगत जाते आणि मर्यादा गाठली की काम अर्ध्यावर थांबतं.

जुनी ट्युटोरियल्स वाचताना मात्र जपून! २०१५ च्या अखेरीस आलेल्या पीएचपी ७ ने ही आतली रचना बदलली, त्यामुळे 'मेक_एसटीडी_झेडव्हॅल' असलेला कोड आज कंपाइलच होत नाही. पायथनची सवयही इथे उपयोगाची नाही. तिथे सीमधून डिक्शनरीत वस्तू ठेवली तर डिक्शनरी स्वतःचा आकडा वाढवते, म्हणून आपला हक्क आपण सोडायचा असतो. पण लिस्टमध्ये 'पायलिस्ट_सेटआयटम'ने ठेवली तर मालकी लिस्टकडे जाते. एकाच भाषेत दोन नियम!

एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने पीएचपीची डीबग आवृत्ती बनवून त्यावर चाचणी घ्यावी. स्क्रिप्ट संपताना ती गळालेली मेमरी कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर घेतली होती, तेही छापते.