ज्यांच्या नावाची वाडी झाली

सांगलीहून मिरजेला निघालेली सिटी बस विश्रामबाग ओलांडते आणि कंडक्टर पुकारतो, "वानलेसवाडी!" हे नाव उतरणाऱ्या कुणालाच परके वाटत नाही. कॅनडात जन्मलेल्या एका डॉक्टरच्या आडनावाला आपल्या लोकांनी सहज 'वाडी' जोडून टाकली. इथे क्षयरोग्यांसाठी उभे राहिलेले आरोग्यधामही त्यांच्याच नावाने ओळखले गेले.

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म 1865 चा. न्यूयॉर्कला डॉक्टरी शिकून 1889 साली ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सपत्नीक सांगलीत आले. आरंभ लहानशा दवाखान्याने झाला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी पैसा दिला आणि 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडले. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता, तो झाकून लिहिण्यात अर्थ नाही. पण गाठोडे घेऊन दारात येणाऱ्या माणसाला मोतीबिंदू काढून घ्यायचा असे, पोटातली गाठ दाखवायची असे.

मिरज जंक्शनचा या दवाखान्याला मोठा हातभार लागला. पुणे-बेळगाव मार्ग, कोल्हापूरचा फाटा आणि 1927 पासून पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी. देशावरची मराठी आणि पलीकडची कन्नड, दोन्ही एकाच व्हरांड्यात ऐकू येत.

मला मात्र या साऱ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते 1897 साली सुरू झालेले वैद्यकीय शिक्षण. एकटा सर्जन दिवसाला किती पोटे उघडणार? वानलेस यांनी इथल्याच मुलांना हाताशी धरून शिकवले आणि ती मुले डॉक्टर होऊन गावोगाव गेली. 1962 मध्ये मिरजेत मेडिकल कॉलेज निघाले, त्यातही या हॉस्पिटलचा सुरुवातीपासून सहभाग होता. आज मिरजेच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्यांचे मूळ मी त्या जुन्या वर्गात पाहतो.

असे काम मिरजेपुरतेच नव्हते. सातारा जिल्ह्यात वाईला अमेरिकन मराठी मिशनचे हॉस्पिटल होते. तिथे डॉ. लेस्टर बील्स आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी रोझ फेअरबँक बील्स यांनी काम केले. रोझबाईंचे माहेरचे घराणे तर नगर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले.

राहणे, हीच या कामातली खरी गोष्ट. आज परदेशी वैद्यकीय विद्यार्थी चार आठवड्यांसाठी भारतात सेवेला येतात. त्यांच्या मनातल्या ओढीबद्दल मला शंका नाही. पण आपला रोगी नुसते "दुखतंय" म्हणत नाही. त्याला कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, पोटात मुरडा येतो, छातीत भरून येते. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेला नेतो आणि दुभाष्याच्या तोंडी तो निम्मा गळून पडतो. मिशनच्या लोकांना मराठी शिकावीच लागे. म्हणून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्याने तपासणीच्या खोलीत घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. नोंदी ठेवणे, उपकरणांची निगा, इथल्या परिचारिकांना हवे असलेले एखादे कौशल्य शिकवणे, अशी कामे चार आठवड्यांत खरोखर होतात. आणि तो परत गेल्यावर ती थांबत नाहीत.

वानलेस यांनी 1928 मध्ये निवृत्ती घेतली. त्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. 39 वर्षे याच मुलखात काढून ते अमेरिकेला गेले आणि 1933 मध्ये कॅलिफोर्नियात वारले. त्यांच्यानंतर डॉ. चार्ल्स व्हेल यांनी मिरजेच्या हॉस्पिटलचा कारभार सांभाळला.

अलीकडच्या वर्षांत या हॉस्पिटलने आर्थिक ओढाताण सोसली आहे. ते पुन्हा गजबजावे, यासाठी परदेशातून कोणी येण्याची वाट पाहण्याची गरज नाही. तिथे शिकलेल्यांची नातवंडे आज मिरज-सांगलीतच डॉक्टरी करत आहेत.