घर आपले, पण जागा कोणाची?

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

महाड म्हटले की चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे पाणी प्राशन केले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरायची होती, तेव्हा मंडपासाठी कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली आणि परिषद पार पडली. जागा ज्याच्या नावावर, शब्द त्याचा, हा अनुभव या भागाला जुनाच आहे. आज मला बोलायचे आहे ते घराखालच्या जागेविषयी.

भाडेकरू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबईची चाळ उभी राहते. महाड-पोलादपूरच्या वाड्यांत मात्र त्याचे रूप वेगळे आहे. घर आजोबांनी बांधलेले, दगडमाती आणि वासे त्यांनीच वाहून आणलेले. पण सातबाऱ्यावर जमिनीचा मालक म्हणून नाव दुसऱ्याचेच. याचे मूळ खोतीत आहे. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा मक्तेदार. पुढे तो गावाचा धनीच होऊन बसला. कुळाने शेत कसायचे, खंड घालायचा, वर वेठही करायची. राहते घरही खोताच्याच जमिनीवर. मग त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार कोण?

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. त्याआधी १९४८ साली कूळ कायदा झाला होता आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

कूळ कायदा म्हटला की लोकांना शेत आठवते. त्याच कायद्यात घराचेही संरक्षण आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते. कलम १६ सांगते की कुळाने किंवा त्याच्या पूर्वजांनी स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेवर राहते घर बांधले असेल, तर त्याला तेथून सहजासहजी काढता येत नाही. घर कुळाच्या खर्चाचे नाही, हे मालकाने सिद्ध करायचे असते. कलम १७ प्रमाणे मालकाला ती जागा विकायची असेल, तर आधी कुळाला विचारावे लागते. कलम १८ ने हे संरक्षण गावातल्या शेतमजुरांना आणि कारागिरांनाही दिले आहे.

मग अडते कुठे? समजा, पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतले कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबईत आहे. घर गणपतीला आणि शिमग्याला उघडते. इकडे मूळ मालकाचे वारस जमीन बाहेरच्या माणसाला विकतात. नवा मालक येऊन विचारतो, ‘तुमचा कागद दाखवा.’ घरचे लोक घरपट्टीची पावती पुढे करतात. तिथेच चूक होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. घर जुने आहे आणि आपण त्यात राहतो, याला तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण जागेची मालकी त्याने मिळत नाही. पावती जपावीच, पण केवळ तिच्या भरवशावर राहू नये.

जुने सातबारे आणि फेरफार यांच्या नकला तहसील कार्यालयातून काढाव्यात. ‘कूळ व इतर अधिकार’ या रकान्यात आजोबा-पणजोबांचे नाव आहे का, ते पाहावे. ते मध्येच गळाले असेल, तर कोणत्या फेरफाराने गळाले, ते शोधावे. आपण कूळ आहोत की नाही, हा प्रश्न तहसीलदाराने ठरवायचा असतो. दिवाणी दाव्यात तो निघाला, तर न्यायालयाने तो तहसीलदाराकडे पाठवावा, असे कायदा सांगतो. म्हणून दाव्याचे समन्स आले तर घाबरून घर सोडू नये, आणि ते फळीवर टाकूनही देऊ नये. मुदतीत हजर राहून आपले कुळाचे म्हणणे लेखी मांडावे.

२०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. योजना चांगली आहे. पण ती गावठाणापुरती आहे. आपल्याकडच्या कित्येक वाड्या गावठाणाबाहेर, शेताच्या सर्व्हे नंबरांतच वसलेल्या आहेत. आपले घर कोणत्या हद्दीत येते, याची चौकशी आधी करावी.

या भागात ही चौकशी पुढे ढकलण्यासारखी नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. तळीयेच्या नव्या घरांचे काम म्हाडाकडे देण्यात आले. अशा वेळी पंचनामा होतो, याद्या होतात, आणि घर कोणाचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. कागद तर घराबरोबरच मातीखाली गेलेला असतो. म्हणून साक्षांकित नकलांचा एक संच गावाबाहेर, मुंबईच्या भावाकडे किंवा लेकीच्या सासरी ठेवावा. पुनर्वसनात नवे घर मिळाले, तर किल्लीबरोबर वाटपाचा आदेशही हातात घ्यावा. त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचेही नाव लावण्याची मागणी करावी.

‘वकील परवडत नाही’ ही अडचण खरी आहे. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि पुरासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळू शकतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा असतो.

खोताच्या जमिनीवर राहून खोताविरुद्ध मोर्चाला गेलेल्या माणसांपाशी कसलाच कागद नव्हता. त्यांच्या धडपडीतून कायदा आला. आता शिमग्याला घर उघडाल, तेव्हा एक दिवस अधिक थांबा, तहसील कार्यालयात जा आणि आपल्या घराखालच्या जागेचा सातबारा काढून वाचा.