वाचनालयाचं सभासद होताना

चारपाचशे रुपयांची कादंबरी हातात घ्यायची, मागची किंमत बघायची आणि पुन्हा मांडणीत ठेवून द्यायची, असं पुस्तकांच्या दुकानात रोज घडतं. तेवढ्याच पैशात गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची काही महिन्यांची वर्गणी भागते आणि त्या काळात डझनभर पुस्तकं सहज वाचून होतात. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत. तरी घराजवळच्या वाचनालयाची पायरी कधीच न चढलेली माणसं पुष्कळ भेटतात, आणि ‘सभासद व्हायला काय लागतं?’ या प्रश्नावरच अनेकांचं अडतं.

लागतं ते थोडकंच. वाचनालयाचा छापील अर्ज, एखादा फोटो, आधार कार्ड किंवा विजेचं बिल. काही जुन्या संस्थांमध्ये ओळख म्हणून आधीच्या सभासदाची सही मागतात. शिकायला किंवा नोकरीला परगावी आलेल्यांकडे स्थानिक पत्त्याचा पुरावा नसतो. त्यांनी कॉलेजचं किंवा कार्यालयाचं ओळखपत्र चालेल का, हे ग्रंथपालांना सरळ विचारावं. अनेकदा मार्ग निघतो.

पैशांचा हिशोब मात्र नीट समजून घ्यावा. अनामत, प्रवेश शुल्क आणि वर्गणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अनामत म्हणजे पुस्तकाच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेली रक्कम. सभासदत्व बंद करताना ती परत मिळते, म्हणून तिची पावती जपून ठेवावी. प्रवेश शुल्क परत मिळत नाही. वर्गणी महिन्याची, सहामाहीची किंवा वर्षाची असते. एका वेळी एक पुस्तक हवं की दोन, सोबत मासिक हवं की नको, यावर ती ठरते. बालविभागाची वर्गणी बहुतेक ठिकाणी अगदी कमी असते. वर्तमानपत्रं वाचायला तर बहुतेक ठिकाणी कार्डही लागत नाही. मुक्तद्वार विभागात कुणीही जाऊन बसावं.

पण मुळात वर्गणी का? बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. ज्या गावांत ग्रंथालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं पोचत. मद्रास प्रांताने 1948 च्या कायद्याने मालमत्ता करासोबत ग्रंथालयांसाठी उपकर बसवला. महाराष्ट्राची वाट निराळी. इथली वाचनालयं लोकांनी स्वतः एकत्र येऊन काढली: रत्नागिरीचं 1828 मध्ये, पुण्याचं 1848 मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने. राज्याचा ग्रंथालय कायदा 1967 साली झाला, पण त्यात उपकर नाही. त्यामुळे वाचनालयाचा संसार शासकीय अनुदान, देणग्या आणि वर्गणीवर चालतो.

सभासदाच्या कार्डाचं खरं मोल इथे कळतं. शासन वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देतं आणि वर्गानुसार अनुदान. वर्ग ठरवताना पुस्तकांची संख्या, नियतकालिकं, वाचनालय किती तास उघडं असतं हे पाहतात, तसंच सभासद किती हेही पाहतात. म्हणजे एखाद्या छोट्या गावात वीसपंचवीस माणसांनी सभासद व्हायचं ठरवलं, तर त्यांची वर्गणी मिळतेच, शिवाय वाचनालयाचा वर्ग टिकायला हातभार लागतो. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या तिथल्या सेवकांसाठी ही गोष्ट लहान नाही.

कार्ड मिळालं की ते वापरायचंही एक तंत्र आहे. मोठ्या वाचनालयांत आता बारकोड आले, पण असंख्य ठिकाणी पुस्तकाच्या शेवटच्या पानाला अजून कागदी खिसा चिकटवलेला असतो. त्यात पुस्तकाचं कार्ड आणि शेजारी तारखांची चिठ्ठी. जांभळ्या शाईच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठी दिसली, की पुस्तक गावात बरंच फिरलंय असं समजावं. कोऱ्या चिठ्ठीचं पुस्तकही उचलून पाहावं. उत्तम पण विस्मृतीत गेलेली पुस्तकं बहुधा तिथेच सापडतात. हवं ते पुस्तक बाहेर गेलं असेल, तर नाव नोंदवून ठेवता येतं का, ते विचारावं. संग्रहातच नसेल, तर मागणीच्या वहीत लेखक आणि प्रकाशकासह लिहावं. खरेदीची यादी करताना ग्रंथपालांना त्या वहीचा खरोखर उपयोग होतो.

मुदत संपत आली आणि वाचून झालं नसेल, तर पुस्तकाचं नूतनीकरण करून घ्यावं. उशीर झाला तर विलंब शुल्क पडतं. पुस्तक हरवलं तर किंमत भरावी लागते किंवा तेच पुस्तक नवं आणून द्यावं लागतं. दुर्मीळ ग्रंथ आणि संदर्भग्रंथ मात्र घरी मिळत नाहीत, ते तिथेच बसून वाचायचे.

नव्याने सभासद व्हायला दिवाळीचा मोसम चांगला. अनेक वाचनालयं त्या सुमारास दिवाळी अंकांची योजना काढतात. एकरकमी शुल्क भरायचं आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. काही ठिकाणी सभासद नसलेल्यांनाही त्यात भाग घेता येतो. गाजलेल्या अंकांसाठी सुरुवातीला झुंबड असते, तेव्हा नावनोंदणी दसऱ्याच्या आसपासच उरकून घ्यावी.